सीरियलचं खोकं निवडताना: आधी धान्य बघा, मग जीवनसत्त्वं

फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वं आणि खनिजं वरून घातलेल्या, सीरियलच्या खोक्यावर दर्शनी बाजूला जे छापलेलं असतं ते बहुधा खरंच असतं. ‘लोहयुक्त’, ‘आठ जीवनसत्त्वं’, ‘व्हिटॅमिन डी असलेलं’ यात खोटं काही नाही. अडचण एवढीच की शेजारच्या खोक्यावरही तेच छापलेलं असतं. साखरेत घोळवलेले मक्याचे फ्लेक्स आणि गव्हाची साधी बिस्किटं या दोन्हींत जीवनसत्त्वांचं एकच मिश्रण पडू शकतं, कारण ते धान्यातून येत नाही. ते वेगळं बनवून आणतात आणि वरून घालतात. म्हणून पोषणतक्त्याचा वरचा भाग आधी वाचावा: साखर, तंतुमय पदार्थ, प्रथिनं, मीठ. लोह आणि जीवनसत्त्वं खालच्या भागात असतात, त्यांची पाळी नंतर.

खालचे आकडे दर १०० ग्रॅम कोरड्या सीरियलचे आहेत आणि अंदाजे आहेत. ब्रँड बदलला, देश बदलला की थोडे मागेपुढे होतात, तेव्हा हातातल्या खोक्यावर एकदा पडताळून बघाच.

| प्रकार | कॅलरी | साखर (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) | प्रथिनं (ग्रॅम) | मीठ (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|
| साधे कॉर्नफ्लेक्स | ३७५ | ८–१० | ३ | ७–८ | १.१ |
| गव्हाची बिस्किटं | ३६० | ४–५ | १० | १२ | ०.३ |
| ब्रॅन फ्लेक्स | ३५५ | १३–२० | १४–१५ | १०–१२ | ०.७–१ |
| साध्या ओट रिंग्ज | ३६० | ५ | १० | १२–१३ | १.२ |
| साखरेचा थर दिलेले फ्लेक्स | ३७५ | ३५ | २ | ४–५ | ०.८ |
| साखर न घातलेली म्यूसली | ३६५ | १२–१६ | ७–९ | १०–११ | ०.१ पेक्षा कमी |
| ग्रॅनोला | ४३०–४८० | १५–२५ | ६–८ | ८–१० | ०.१–०.५ |

पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही की कॅलरीच्या रकान्यात, ग्रॅनोला सोडला तर, निवडायला काही नाही. सगळी ३५० ते ३८० च्या आत. वजन कमी करायचं म्हणून कॅलरी बघून सीरियल ठरवणाऱ्याची मेहनत वाया जाते. खरा फरक साखर आणि तंतूंच्या रकान्यांत आहे: साखर ४ पासून ३५ पर्यंत, तंतू २ पासून १५ पर्यंत.

कॉर्नफ्लेक्स की गव्हाची बिस्किटं?

साध्यासुध्या नाश्त्यासाठी बहुतेकांचा घोळ या दोन्हींत होतो. कॉर्नफ्लेक्स बनवताना मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात. राहतो तो मुख्यतः स्टार्च. तो शिजवून, लाटून, भाजून कुरकुरीत केलेला असतो, त्यामुळे पोटात गेल्यावर पटकन ग्लुकोज होतो. कॉर्नफ्लेक्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (अन्नानं रक्तातली साखर किती झपाट्यानं वाढते त्याचा आकडा) ८० च्या आसपास, गव्हाच्या बिस्किटांचा ७० च्या आसपास, तर म्यूसलीचा ५७ च्या घरात. बिस्किटांत अख्खा गहू असतो म्हणून तंतू तिप्पट, प्रथिनं दीडपट, आणि मीठ पाव भाग. कॉर्नफ्लेक्स चवीला खारट लागत नाहीत म्हणून कुणाला शंका येत नाही, पण १०० ग्रॅमला एक ग्रॅमहून जास्त मीठ म्हणजे थोडं नव्हे.

दोन्हींमध्ये लोह आणि ब गटातली जीवनसत्त्वं घातलेली असतातच. मग कॉर्नफ्लेक्स का घ्यावेत? आवडतात म्हणून, एवढंच कारण मला दिसतं. आणि ते पुरेसंही आहे, फक्त त्याला पोषणाचं नाव देऊ नये.

कोंड्याचं पारडं जड, पण

तंतूंसाठी सीरियल खाणाऱ्याला ब्रॅन फ्लेक्सशी स्पर्धा करणारं वरच्या तक्त्यात दुसरं काही सापडणार नाही. नुसत्या कोंड्याच्या काड्या मिळतात त्यांत तर १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या वर तंतू असतात. युरोपात ६ ग्रॅमच्या वर गेलं की ‘भरपूर तंतुमय’ असं लिहायला परवानगी आहे, त्यावरून अंदाज यावा. बद्धकोष्ठ असणाऱ्यांनी इथेच थांबावं, मात्र पाणी भरपूर प्यावं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कोंडा तसा बेचव, म्हणून त्यात साखर घालतात, आणि ती साध्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा जास्त असते. ‘ब्रॅन’ हा शब्द वाचून साखरेचा रकाना वगळणारे फार. दुसरं, कोंड्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला बांधून ठेवतो आणि आतड्यात शोषू देत नाही. म्हणजे ब्रॅन फ्लेक्सच्या खोक्यावर लोहाचा आकडा कितीही मोठा असला तरी अंगाला लागतं त्यातलं थोडंच.

तंतूंच्या बाबतीत ओट रिंग्ज कॉर्नफ्लेक्स आणि ब्रॅन फ्लेक्सच्या मधल्या. साध्या असतील तर साखर कमी, तंतू बरे, आणि ओट्समधलं बीटा-ग्लुकान (पाण्यात विरघळणारा तंतू) हा खास फायदा. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. ४० ग्रॅम ओट्समधून दीडेक ग्रॅम मिळतं, म्हणजे एका वाडग्यात निम्मं काम. मधाच्या आणि दालचिनीच्या रिंग्ज वेगळ्या, त्यांत साखर कितीतरी पट होते. त्यांचा तक्ता वेगळा वाचा.

म्यूसली आणि ग्रॅनोला: दिसायला भावंडं

दोन्हींत ओट्स, सुका मेवा, बिया. पण ग्रॅनोला तेलात आणि मधात किंवा पाकात घोळवून भट्टीत भाजतात, म्हणून त्याचे कुरकुरीत गठ्ठे होतात. १०० ग्रॅमला १५ ते २० ग्रॅम चरबी त्यातूनच येते. म्यूसली भाजलेली नसते, साखर असते ती मुख्यतः मनुका आणि खजुरांची. चव ग्रॅनोलाची चांगली, हे मान्य. तो दह्यावर चमचाभर भुरभुरावा, वाडगा भरून खाऊ नये.

या दोघांची एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: यांत बहुधा जीवनसत्त्वं वरून घातलेली नसतात. युरोपात तर ‘ऑरगॅनिक’ प्रमाणित सीरियलमध्ये, कायद्यानं सक्ती नसेल तर, जीवनसत्त्वं आणि खनिजं घालताच येत नाहीत. ज्यांना बी-१२ किंवा लोह सीरियलमधूनच हवं आहे त्यांनी जास्त पैसे मोजून ‘नैसर्गिक’ खोकं घेतलं तर नेमकं हवं तेच त्यात नसेल.

मुलांसाठीची खोकी

इथे थोडं हिशेबानं बोलू. साखरेचा थर दिलेल्या फ्लेक्समध्ये १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम साखर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. खोक्यावर ‘एक वाढप ३० ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे साडेदहा ग्रॅम साखर. ब्रिटनमध्ये ४ ते ६ वर्षांच्या मुलासाठी दिवसाची मर्यादा १९ ग्रॅम सांगितली आहे, तेव्हा कागदावर अजून जागा उरते. आता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामा वाडगा ठेवून काटा शून्यावर आणा आणि रोजच्यासारखं सीरियल ओता. ३० ग्रॅम म्हणजे तळाला पसरलेला थर. हात तिथे थांबत नाही. ५०–६० ग्रॅम सहज होतात. ६० ग्रॅमला २१ ग्रॅम साखर, दिवसाची मर्यादा नाश्त्यालाच ओलांडली.

खोक्यावरच्या ‘दुधासह’ रकान्याबद्दलही सांगून ठेवतो. १२५ मिली दुधातून साधारण ४ ग्रॅम प्रथिनं आणि १५० मिलिग्रॅम कॅल्शियम येतं, आणि त्याचं श्रेय सीरियलला जातं. दोन खोक्यांची तुलना करताना हा रकाना झाकून ठेवा. वनस्पतिजन्य दूध वापरणार असाल तर तो आकडा तसाही लागू नाही: सोया सोडलं तर बहुतेकांत प्रथिनं नाममात्र, आणि कॅल्शियम वरून घातलं असेल तरच.

वरून घातलेल्या जीवनसत्त्वांचं नेमकं काय?

१९७० च्या जुलैत अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे ग्राहकांच्या बाजूनं लढणारे रॉबर्ट चोट यांनी ६० सीरियलची क्रमवारी मांडली आणि त्यांतल्या ४० मध्ये पोषण जवळपास नाहीच असं सांगितलं. मोठा गदारोळ झाला. त्यानंतर कंपन्यांनी जीवनसत्त्वांचं प्रमाण भराभर वाढवलं. आकडे सुधारले, साखर आणि मैद्यासारखं दळलेलं धान्य जिथल्या तिथे राहिलं. आजचं खोकं वाचताना हा इतिहास उपयोगी पडतो.

घालायची पद्धत अशी: लोह, नायसिन यांसारखी उष्णता सोसणारी द्रव्यं पिठातच मिसळतात. अ, क आणि थायमिन ही भट्टीत टिकत नाहीत म्हणून भाजून झाल्यावर फवारतात. फवारलेलं दुधात उतरतं. वाडग्याच्या तळाचं दूध ओतून देणारा त्यातली काही जीवनसत्त्वंही ओतून देतो.

लोह बऱ्याचदा शुद्ध धातूच्या बारीक भुकटीच्या रूपात असतं. फ्लेक्स चुरून जाड पिशवीत पाण्याबरोबर चांगले कालवा आणि बाहेरून ताकदवान चुंबक सावकाश फिरवा. चुंबकापाशी काळसर कीस गोळा होतो. भिण्याचं कारण नाही, जठरातल्या आम्लात तो विरघळतो. असलं लोह वापरतात कारण फेरस सल्फेटसारखं सहज शोषलं जाणारं लोह घातलं की धान्यातली चरबी लवकर खवट होते. टिकाऊपणाची किंमत शोषणात मोजावी लागते. तेव्हा अशा सीरियलबरोबर क जीवनसत्त्व असलेलं फळ घ्या, चहा-कॉफी तासभर लांब ठेवा. याचा परिणाम लोहाचा आकडा मोठा असलेलं खोकं शोधण्यापेक्षा जास्त होईल.

टक्केवारीतही गोम आहे. युरोपातल्या लेबलवर लोहाचे १०० टक्के म्हणजे १४ मिलिग्रॅम, अमेरिकेत १८. युरोपातले कॉर्नफ्लेक्स १०० ग्रॅमला ८ मिलिग्रॅम देतात, म्हणजे ३० ग्रॅमला जेमतेम अडीच. अमेरिकेत एका वाढपात पूर्ण १८ मिलिग्रॅम देणारी सीरियल आहेत. या टक्केवाऱ्या प्रौढांच्या आहेत. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला १० मिलिग्रॅम पुरतं आणि त्याची वरची मर्यादा ४० आहे. त्यानं १८ मिलिग्रॅमवालं सीरियल दुप्पट खाल्लं तर ३६ वर पोचतो, बाकी दिवसाचं जेवण अजून व्हायचंच असतं. वर, घातलेली जीवनसत्त्वं साठवणुकीत कमी होतात म्हणून कारखानदार लेबलपेक्षा थोडी जास्तच टाकतात. २००४ साली डेन्मार्कनं केलॉग्जच्या १८ उत्पादनांत लोह, कॅल्शियम, बी-६ आणि फॉलिक आम्ल घालायला परवानगी द्यायला नकार दिला तो अशाच अतिरेकाच्या भीतीनं. मला तो निर्णय जरा टोकाचा वाटतो, पण लहान मुलांच्या बाबतीत ‘जास्त म्हणजे चांगलं’ हे खरं नाही एवढं नक्की.

मग कुणी काय घ्यावं

लहान मुलांसाठी गव्हाची बिस्किटं किंवा साध्या ओट रिंग्ज, वर केळ्याच्या चकत्या. १०० टक्क्यांचा दावा करणारं खोकं मुलांसाठी मुद्दाम शोधू नका.

मधुमेह असेल तर कॉर्नफ्लेक्स आणि फुगवलेल्या तांदळाचं सीरियल बाजूला ठेवा. साखर न घातलेली म्यूसली बरी, तीही वजन करून.

गर्भधारणेचा विचार असणाऱ्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल लागतं, तेही गर्भ राहण्याआधीपासून. १०० ग्रॅमला १६६ मायक्रोग्रॅम असलेल्या सीरियलच्या ३० ग्रॅममधून ५० मिळतात. गोळी चुकवता येणार नाही. गंमत म्हणजे घातलेलं फॉलिक आम्ल पालेभाज्यांतल्या फोलेटपेक्षा (त्याच जीवनसत्त्वाच्या नैसर्गिक रूपापेक्षा) चांगलं शोषलं जातं, त्यामुळे हे ५० वाया जात नाहीत, फक्त अपुरे पडतात.

फोर्टिफिकेशनचा सगळ्यात खरा फायदा मला दोघांना होताना दिसतो. एक, प्राणिजन्य काहीच न खाणारे. त्यांना बी-१२ मिळायचे मार्ग मोजकेच. दुसरे, पन्नाशी ओलांडलेले. वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ सुटत नाही. सीरियलमध्ये घातलेलं बी-१२ मोकळं असतं, त्याला ही अडचण येत नाही. दिवसाची गरज २.४ मायक्रोग्रॅम आहे. या दोघांनी म्यूसलीच्या मोहात न पडता बी-१२ घातलेली गव्हाची बिस्किटं किंवा ब्रॅन फ्लेक्स घ्यावेत. मात्र बी-१२ प्रत्येक खोक्यात असतंच असं नाही, घटकांच्या यादीत ते नाव शोधून मगच घ्या.

आणि ज्यांना हिमोक्रोमॅटोसिस आहे, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आजार, त्यांनी लोह घातलेलं सीरियल घेऊच नये. त्यांच्यासाठी काहीही न मिसळलेले गव्हाचे श्रेडेड तुकडे किंवा साधी म्यूसली. घटकांची यादी चार ओळींपेक्षा लांब असेल तर त्यात ‘लोह’ किंवा ‘आयर्न’ कुठे दडलंय का ते शेवटपर्यंत वाचावं.