साडेपाच लिटरचा स्टीलचा कुकर, नऊ महिने रोज वापरल्यावर

कुकर घ्यायच्या आधी मी शंभरएक अभिप्राय वाचले असतील. निम्म्यांत ‘छान आहे, वेळेवर मिळाला’ आणि उरलेल्यांत ‘खोक्याला पोचा होता’. कुकरमध्ये कुणी काही शिजवलंय का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून मी मुद्दाम नऊ महिने थांबलो.

आमच्या घरात पाच माणसं. बायको नर्स आहे, तिची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई आमच्याकडेच असतात. थोरली नववीत, धाकटा पहिलीत. मी साडेसहाला घरी पोचतो आणि आठपर्यंत ताटं वाढली नाहीत तर धाकटा बिस्किटांवर पोट भरून झोपून जातो. आधीचा कुकर तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा. पाच जणांसाठी तो दोनदा लावावा लागायचा, आणि दुसऱ्यांदा लावायचा कंटाळा आला की बाहेरून मागवायचं. हे आठवड्यातून तीन-तीनदा व्हायला लागलं होतं. नव्या कुकरची किंमत आमच्या बाहेरून मागवलेल्या चार जेवणांइतकी होती. ती दुसऱ्या महिन्यातच वसूल झाली, तेव्हा पैशाची बाजू इथेच संपवतो.

आता वस्तूबद्दल. अंग स्टीलचं, बुडाशी दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा जाड थर. हा थर बघूनच घ्या. नुसत्या स्टीलमधून उष्णता नीट पसरत नाही, ज्योत लागते तिथेच बूड तापतं आणि तिथेच अन्न धरतं. ॲल्युमिनियम उष्णता भराभर पसरवतं, पण त्यात टोमॅटो, चिंच, लिंबू असलं आंबट काही फार वेळ ठेवलं की धातूवर परिणाम होतो. इथे अन्नाला स्टील लागतं आणि तापायचं काम ॲल्युमिनियम करतं. कांदा परतून पाहिला, मधोमध काळा आणि कडेला कच्चा असं झालं नाही. इंडक्शनवरही चालतो. वजनाला मात्र चांगलाच जड आहे. भरलेला कुकर सासूबाईंना उचलता येत नाही, आणि कंपनीने दुसऱ्या बाजूला जो छोटा दांडा दिलाय तो दोन बोटांत मावेल एवढाच आहे.

साडेपाच लिटर म्हणजे साडेपाच लिटर शिजतं असं समजू नका. कुठलाही कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो, आणि डाळी, कडधान्यं, भात असं फुगणारं-फेसाळणारं काही थेट शिजवायचं तर अर्ध्यापर्यंतच. नाहीतर फेस वर चढून वाफेची वाट अडते. म्हणजे कडधान्यासाठी हा कुकर पावणेतीन लिटरचाच. पाच माणसांच्या घराने याहून लहान घेऊ नये ते याचसाठी.

हा घ्यायच्या आधी माझा डोळा खरं तर मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यावर होता. सकाळी भरून जायचं, संध्याकाळी तयार. नाद सोडला तो राजम्यामुळे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच अर्धवट शिजलेले दाणेसुद्धा उलट्या-जुलाब व्हायला पुरतात. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात चांगला खळखळून उकळला की ते नष्ट होतं. पण उकळी न येता ८० अंशांच्या आसपास नुसताच तापत राहिला तर उलट वाढू शकतं. मंद भांड्यात राजमा घालायचा तर आधी गॅसवर वेगळा उकळून घ्यायचा. मग ते सकाळी कुणी करायचं?

कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. सगळी जादू एवढीच. उघड्या भांड्यात कितीही मोठा गॅस ठेवा, पाणी १०० च्या वर जात नाही. वरच्या वीस अंशांत काबुली चणे दीड तासाऐवजी पंधरा मिनिटांत शिजतात.

आता शिट्ट्या. आमच्या घरात नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त वाद झाला तो यावर. नवीन कुकर जुन्यापेक्षा वेगळ्या चालीने शिट्ट्या देतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात डाळीचं पाणी आणि बटाट्यांचा लगदा झाला. मग नीट बघितलं. पहिली शिट्टी झाली म्हणजे आत पुरेसा दाब आला. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तरी आतलं तापमान वाढत नाही, कारण जास्तीची वाफ शिट्टी उचलून बाहेर पडते. मोठ्या गॅसवर दर अर्ध्या मिनिटाला एक, बारीक गॅसवर चार-पाच मिनिटांनी एक. तेव्हा ‘चार शिट्ट्या’ याला काही अर्थच नाही, दोन मिनिटंही असतील आणि वीसही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची. गॅसही निम्म्याहून कमी जळतो.

हे मी सासूबाईंना उत्साहाने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमची मिनिटं तुमच्यापाशी ठेवा हो. मला घड्याळ दिसत नाही, शिट्टी ऐकू येते.” यावर काय बोलणार? शेवटी थोरलीने तोड काढली. अंडं उकडायला वापरतात तसला फिरकीचा टायमर आणला, त्यावर डाळ-भाताच्या आणि चण्यांच्या जागी नेलपेंटचे दोन ठिपके लावले, लाल आणि जांभळा. आता शिट्टी झाली की सासूबाई गॅस बारीक करतात आणि फिरकी ठिपक्यापर्यंत फिरवतात. मला यायला उशीर झाला तर फोनवर एवढंच सांगतो, “आई, आज जांभळा.”

या कुकरवरचे आमचे आकडे, सगळे पहिल्या शिट्टीनंतरचे. रात्रभर भिजवलेले काबुली चणे किंवा राजमा १५ मिनिटं. मध्यम अख्खे बटाटे १०. डब्यांत लावलेली मसूर डाळ आणि भात मिळून ८. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप पडेपर्यंत थांबायचं, शिजणं तेव्हाही चालूच असतं. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढायची घाई केलीत तर कडधान्यांची सालं फाटतात आणि फेसाचं पाणी ओट्याभर उडतं.

आमचं आठवड्याचं गणित रविवारी सुरू होतं. शनिवारी रात्री अर्धा किलो चणे किंवा राजमा भिजत घालायचा. शिजल्यावर तो सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्याचे तीन डबे करतो, एक फ्रिजमध्ये, दोन फ्रीझरमध्ये, शिजवलेल्या पाण्यासकट. ते पाणी फेकू नका, त्यालाच दाटपणा असतो. सोमवारी कांदा-टोमॅटो परतून त्यात पहिला डबा. बुधवारी दुसऱ्या डब्यातले अर्धे दाणे कुस्करून, गाजर आणि हाताला लागेल तो पाला घालून दाट सूप. तिसरा डबा बायकोचा. रात्रपाळीला जाताना ती बटाट्याच्या फोडी, कांदा आणि लिंबू घालून घेऊन जाते. मधल्या दिवसांत डाळ, भात, भाजी, अंडी. वीस मिनिटांच्या वर मी ओट्याशी उभा नसतो.

एकदा वेळ वाचवायला टोमॅटो चण्यांबरोबरच कुकरमध्ये टाकले. पंधरा मिनिटं, मग आणखी पंधरा, मग दहा, तरी दाणे दाताखाली कटकट. आंबट पाण्यात कडधान्यांच्या पेशींची भिंत लवकर सुटत नाही, हे मला त्या रात्री कळलं, आणि जेवायला ब्रेड होता. टोमॅटो, लिंबू, चिंच सगळं दाणा शिजल्यावर. पाणी जड असेल तरी असाच त्रास होतो, तेव्हा भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. आणि वर्षानुवर्षं डब्याच्या तळाशी पडून असलेले दाणे कुठल्याच कुकरला दाद देत नाहीत.

भाताचं एक सांगायला हवं, कारण कुकर असला की ही चूक हमखास होते. बायको रात्री अकराला येते. पहिले काही दिवस मी तिचा भात कुकरमध्येच झाकून ठेवायचो, गरम राहील म्हणून. तिनेच दटावलं. भात शिजवल्यावरही बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात, आणि कोमट भातात तासन्‌तास राहिले की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आता तिचा वाटा आठलाच पसरट डब्यात काढतो, वाफ गेली की तासाभरात फ्रिजमध्ये. ती आल्यावर चांगला वाफाळेपर्यंत गरम करते.

आता तक्रारी. खोक्यावरच्या चित्रात तीन डबे एकावर एक दिसतात. प्रत्यक्षात तिसरा बसतो तो त्याच्यावरचं झाकण काढलं तरच. मग कुकरच्या झाकणाला जमलेलं पाणी टपटप त्यात पडतं. भात वरच्या डब्यात असला की त्याची पेज. आम्ही दोनच डबे लावतो आणि बटाटे वेगळे. चित्र काढणाऱ्याने कुकर कधी लावला नसावा.

खरा राग रिंगचा आहे. सहाव्या महिन्यात झाकणाच्या कडेने, दांड्याजवळ, वाफ फुसफुसायला लागली. माझं लक्ष थोरलीच्या गणितात. शिट्टी होईना, तर मला वाटलं अजून दाब आला नसेल, आणि मी गॅस मोठा केला. पंधरा मिनिटांनी करपल्याचा वास, आणि पाठोपाठ फट्‌ असा आवाज. सगळं पाणी कडेने वाफ होऊन निघून गेलं होतं, कोरडं बूड तापत राहिलं आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळला. तो वितळतो हेच त्याचं काम. झाकण उडालं नाही, कुणाला इजा झाली नाही. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये दाबाखाली शिजवायचं पहिलं भांडं दाखवलं, आणि जास्तीची वाफ सोडणारी झडपही पुढे त्यानेच बसवली. त्या संध्याकाळी मला त्याच्याबद्दल फार आदर वाटला. खालच्या डब्यातल्या डाळीचा कोळसा झाला, वरचा भात पिवळा. तेव्हा दहा मिनिटांत पहिली शिट्टी नाही झाली तर वाट बघत बसू नका, गॅस बंद करून पूर्ण निवू द्या आणि मगच उघडून पाणी बघा.

व्हॉल्व्ह दोन दिवसांत मिळाला. रिंग मिळायला मात्र तीन आठवडे लागले. कंपनीच्या फोनवरच्या मुलीने चार वेळा “नोंद घेतली आहे” म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुठल्या कंपनीची रिंग बसवू नका, असं माहितीपत्रकातच लिहिलंय, आणि ते बरोबर आहे, मापात केसभर फरक असला तरी वाफ धरत नाही. पण मग स्वतःची वेळेवर द्या ना! रबर वर्षभरात कडक होतं, बदलावंच लागतं, हे त्यांना आपल्याहून आधी माहीत असतं. त्या तीन आठवड्यांत आम्ही सात वेळा बाहेरून मागवलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारल्या होत्या, तेव्हा आकडा पक्का आहे.

बारीकसारीक: दांड्याचे स्क्रू दोन महिन्यांत ढिले होतात, आवळत राहा. आत पांढरे डाग पडले तर थोडं व्हिनेगर घालून पाणी उकळा, जातात. मीठ थंड पाण्यात टाकून तसंच ठेवू नका, बुडाला बारीक टिपके पडतात. आमच्या कुकरला पडलेत. धुतल्यावर झाकण बसवून ठेवू नका, उघडंच उपडं ठेवा, नाहीतर रिंगला वास धरतो.

पाचपैकी चार. रिंगपायी एक कापला. दोन माणसांच्या घराला हा मोठा आणि जड होईल. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं कुकर उतरवतं तिथेही नको. बाकी कुणी विचारलं तर मी हाच सांगेन, फक्त घेतानाच दोन रिंगा जास्तीच्या मागवा. आमची जास्तीची चमच्यांच्या खणात असते. धाकटा ती स्टिअरिंग म्हणून पळवतो, तेवढं बघावं लागतं.