पानांसाठी तयार हिरवा की मिसळलेला?

चित्रात पानं रंगवताना ट्यूबमधला सॅप ग्रीन (तयार पानासारखा हिरवा) घ्यावा की निळा-पिवळा मिसळावा, हा घोळ बऱ्याच जणांचा असतो. खर्चात मिसळणं स्वस्त, तेच दोन रंग आभाळाला नि फुलांनाही चालतात. मेहनत मात्र जास्त, आणि मोठ्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, मिश्रण मधेच संपलं की तीच शेड परत जमवताना घाम फुटतो, तिथे ट्यूब बरी. पण जिवंतपणा मिसळलेल्यातच! लेमन यलो आणि थॅलो ब्लूने (हिरवट छटेचा गडद निळा) कोवळी पालवी मिळते, अल्ट्रामरीन निळा आणि उबदार पिवळ्याने जून, ऑलिव्हकडे झुकणारं पान, कारण दोघांतही लालसर छटा असते. तयार हिरवा भडक वाटला तर थेंबभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घाला, शांत होतो. बाहेर बसून झटपट स्केच करायचं तर ट्यूब, एकेका पानाचा निवांत अभ्यास करायचा तर मिसळाच.