आठ महिने ॲपवर लॉगची गणितं: वापरानंतरचा अनुभव

पंधरा वर्षांनी कॅल्क्युलसला परत हात घातला. डेरिव्हेटिव्हचे (फलन किती वेगाने बदलतं ते काढायचे) नियम दोन आठवड्यांत आठवले, पण एलएन, म्हणजे नैसर्गिक लॉग (ई, सुमारे २.७१८, चा कितवा घात घेतला की ती संख्या येते), दिसला की पेन थबकायचं. म्हणून पायऱ्यांसकट उत्तर देणारं एक ॲप घेतलं. आठवड्यातून चार-पाच दिवस, असे आठ महिने वापरून झाले. नाव मुद्दाम देत नाही, कारण सांगायचं आहे ते ॲपपेक्षा वापराबद्दल जास्त आहे.

पहिला आठवडा निव्वळ वाया गेला, आणि त्यात चूक माझीच होती. मी सरळ 'लॉग' टाइप करत होते आणि ॲप तो बेस १० चा (ई ऐवजी १० चे घात मोजणारा) धरत होतं. कॅल्क्युलेटरवरचं लॉगचं बटणही बेस १० चंच असतं. पायथॉनमध्ये मात्र नुसतं लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, आणि माझी सवय तिथली. 'लॉग क्ष = २' चं उत्तर मला ई चा वर्ग, म्हणजे ७.३८९ हवं होतं; ॲप १०० म्हणत होतं. डेरिव्हेटिव्हच्या छेदात उगाच एलएन १० दिसला किंवा उत्तर २.३०२६ पटीने हुकलं, तर आधी बेस बघा.

फोटोचं तर विचारूच नका. माझ्या अक्षरातला एलएन त्याला 'एल गुणिले एन' वाटतो.

आता जमेची बाजू. क्ष च्या घातात क्षच असलेल्या फलनाचं डेरिव्हेटिव्ह काढताना मी बिनधास्त घाताचा नियम लावायचे. तो नियम घात स्थिर असतानाचा, हे डोक्यातून पार गेलं होतं. ॲपने दोन्ही बाजूंचा एलएन घेतला, घात खाली गुणाकारात आणला, मग गुणाकाराचा नियम लावला. उत्तर: मूळ फलन गुणिले (१ + एलएन क्ष). प्रत्येक पायरीखाली कारण लिहिलेलं होतं. एलएन क्ष चं इंटिग्रेशनही (डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया) असंच सुटलं. समोर गुणाकारच नाही, तर बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची रीत) लावायचं कशाला? अदृश्य १ ला, म्हणजे १ गुणिले एलएन क्ष! उत्तर: क्ष एलएन क्ष − क्ष + सी (सी म्हणजे कोणताही स्थिरांक). इतकं साधं मला सुचलं नव्हतं, याचा थोडा रागही आला.

खरी रड बीजगणितात आहे. एलएन क्ष + एलएन (क्ष − २) = एलएन ८ घ्या. वर्गसमीकरणातून ४ आणि −२ येतात. ऋण संख्येचा एलएन वास्तव संख्यांत नसतो, म्हणून −२ बाद. ॲप ते बाद करतं, पण कारण घडी घातलेल्या एका ओळीत. टॅप केलं नाही तर दिसतच नाही. उलट प्रकार जास्त वाईट. 'एलएन (क्ष चा वर्ग) = ४' मध्ये त्याने २ पुढे काढला आणि क्ष = ई चा वर्ग एवढंच दिलं. ऋण ई चा वर्गही चालतो, कारण वर्ग केल्यावर तो धनच होतो! २ पुढे काढायचा तर आत क्ष चं निरपेक्ष मूल्य हवं. परीक्षेत अर्धे गुण जातील अशी ही चूक आहे.

एक संध्याकाळ १ भागिले २क्ष च्या इंटिग्रेशनवर गेली. माझं उत्तर अर्धा एलएन |२क्ष|, ॲपचं अर्धा एलएन |क्ष|. तीनदा तपासलं. दोन्ही बरोबर निघाली. फरक अर्धा एलएन २ चा, म्हणजे स्थिरांकाचा, आणि तो सी मध्ये मावतो. ॲपने 'उत्तरं समतुल्य' एवढं म्हटलं असतं तरी माझी झोप वाचली असती.

एकदा मात्र त्याने मला चांगलंच पकडलं. १ भागिले क्ष चं −१ ते १ इंटिग्रल मी शून्य लिहून मोकळी झाले होते: एलएन १ वजा एलएन १. मध्ये शून्यापाशी फलन अनंताकडे पळतं, हे मी बघितलंच नव्हतं. ते इंटिग्रल अभिसारीच नाही, म्हणजे त्याला ठरावीक किंमतच नाही.

हल्ली आधी वहीत सोडवते आणि वरच्या कोपऱ्यात क्ष वरची अट लिहिते. मग आकडा घालून बघते. वरच्या घाताच्या उदाहरणात क्ष = २ ला डेरिव्हेटिव्ह ६.७७ येतं, २ आणि २.००१ इथल्या किमतींमधला फरक ०.००१ ने भागला की ६.७८ मिळतं. एवढं जुळलं तर पुरे. ॲप त्यानंतर उघडते, तेही बहुधा इंटिग्रेशनसाठीच. वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय आणि ती वाढवणार आहे. बीजगणितासाठी मात्र ते उघडत नाही.