मणक्यात सिमेंट भरायचं की थांबायचं?

आईचा मणका दबला तो गव्हाचा डबा सरकवताना. मावशीचा, मोरीत पाय घसरून. हाडं ठिसूळ झाली की एवढंही पुरतं. आईला आम्ही पट्टा आणि गोळ्यांवर ठेवलं, मावशीच्या दबलेल्या मणक्यात डॉक्टरांनी सिमेंट, म्हणजे आत गेल्यावर कडक होणारा लगदा, भरलं. आजही मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात.

थांबण्याच्या बाजूने मोठी गोष्ट ही, की बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत आपोआप बरंच उतरतं. थांबायचं म्हणजे अंथरूण धरायचं नाही, पट्टा बांधून रोज थोडं चालायचं. तिसऱ्या आठवड्यात आई धरून धरून गॅलरीपर्यंत जायला लागली. मावशीला तेव्हा कूस वळतानाही ओरडायला व्हायचं. अशा वेळी खाटेवर पडून राहणंच महागात पडतं: बद्धकोष्ठ, छातीत कफ, पायात गुठळ्या.

सिमेंटचे दोन प्रकार. वर्टिब्रोप्लास्टीत पालथं झोपवून, जागा बधिर करून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत मणक्यात सुई घालतात आणि टूथपेस्टसारखं घट्ट सिमेंट भरतात, जेमतेम 2 ते 4 मिली. कायफोप्लास्टीत आधी फुगा फुगवून जागा करतात. गळती कमी, मणका थोडा उचलला जातो, पण खर्च बराच जास्त. वेदना कमी होण्यात मात्र दोन्हींत फारसा फरक नाही. मी तरी फुग्यासाठी कर्ज काढणार नाही.

आता खरी अडचण. 2009 च्या दोन चाचण्यांत काही रुग्णांना सिमेंट न भरता नुसतं भरल्याचं नाटक करून दाखवलं, खोलीत सिमेंटचा वास यावा म्हणून बाटलीसुद्धा उघडली. त्यांनाही सिमेंटवाल्यांइतकाच आराम पडला! 2016 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मात्र 6 आठवड्यांच्या आतलं, असह्य दुखणं असलेल्यांना फायदा दिसला.

म्हणून आधी एमआरआय. मणक्यात सूज दिसली तर फ्रॅक्चर ताजं. जुन्या, जुळून आलेल्या मणक्यात सिमेंट घालून काही साधत नाही. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ही चर्चाच सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मावशी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाथरूमला गेली. इतकं बरं वाटलं, की हाडांचं वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन तिने टाळलं. आठ महिन्यांनी वरचा मणका दबला.