धुऱ्यावरचा कडुनिंब, घरचा दिवाण: सतरा महिन्यांनंतर

आमच्या दिवाणाचा खालचा खण श्रावणात उघडत नाही. दिवाळी झाली की आपोआप उघडतो. बायकोने त्यावर तोडगा काढलाय, त्यात फक्त स्वेटर आणि गोधड्या ठेवते. लागतात तेव्हा खण उघडा असतो!

हा दिवाण, एक टेबल आणि ओसरीतला बाक, तिन्ही मी घरच्या लाकडाचे केले. लाकूडही स्वतःच चिरलं. दिवाणाला सतरा महिने झाले, टेबल-बाकाला दहा. बरेच जण विचारतात, म्हणून लिहितोय.

यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात आमचं कापूस-तुरीचं वावर आहे. 2023 च्या जूनमध्ये वावधन, म्हणजे वादळ, आलं आणि धुऱ्यावरचा (बांधावरचा) कडुनिंब मुळासकट आडवा झाला. जाता जाता शेजारची बाभूळ घेऊन पडला. लाकूडवाला दोन्हीचे मिळून दोन हजार देत होता, सरपणाच्या भावाने. निंबाच्या बुंध्याचा घेर पाच फूट. जीव नाही झाला.

कागदाचं आधी सांगतो. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ वगैरे झाडं आहेत, त्यांना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. कडुनिंब-बाभूळ त्या यादीत नाहीत. तरीही ओंडके हलवण्याआधी वनविभागात जाऊन विचारून आलो. आरा मशीनला परवाना लागतो, त्यामुळे 'आमचंही चिरून दे' म्हणणाऱ्यांना हात जोडले.

चिरायला जुनी पेट्रोल चेनसॉ घेतली बावीस हजाराला आणि तिला लावायची लोखंडी चौकट साडेचार हजाराला. ही चौकट ओंड्यावरून सरकते आणि सारख्या जाडीची फळी निघते. पहिला काप मात्र ओबडधोबड सालीवरून घ्यायचा असतो. तिथे सरळ शिडी ठोकून तिच्यावरून चौकट चालवली. साधी चेन उभ्या रेषेत चिरताना दम टाकते. दात दहा अंशाला घासलेली उभ्या चिरणीची चेन वेगळी मिळते, ती घ्याच. आणि भुसा! आरा मशीनचं पातं दोनेक मिलिमीटर लाकूड खातं, ही चेन आठ खाते. सव्वा इंची फळ्या काढल्या तर चार फळ्यांमागे पाचवी भुशात जाते. कडुनिंबाचा भुसा नाकातोंडात गेला की दिवसभर चहासुद्धा कडू लागतो.

बाभळीने खरा हिसका दाखवला. आजोबांच्या काळातली कुंपणाची काटेरी तार तिने पोटात घेतली होती, वरून काहीच दिसत नव्हतं. चेन चर्रर्र करून थांबली, अकरा दात गेले, चौदाशे रुपये पाण्यात. फळी उलटवली तर तारेभोवती वीतभर निळा-काळा डाग. बाभळीत टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल कातडं कमवायला वापरतात. लोखंड लागलं की लाकूड काळं पडतं. आता ओंड्याच्या तोंडावर असा डाग दिसला की मी तो तुकडा सरळ चुलीला देतो. आणि बाभळीच्या बाकाला लोखंडी खिळा एकही नाही, सगळे पितळी स्क्रू.

फळ्या डिसेंबरात निघाल्या. कोठ्याच्या सावलीत विटांवर थप्पी लावली, उधई लागू नये म्हणून जमिनीपासून फूटभर वर. दोन फळ्यांमध्ये एक इंची पट्ट्या, वर दगड, आणि फळ्यांच्या दोन्ही टोकांना उरलेला ऑइलपेंट. टोकांतून ओल लवकर उडते, रंग लावला नाही तर तिथूनच भेगा सुरू होतात. इथवर सगळं बरोबर चाललं होतं.

मग मे महिना आला. पारा पंचेचाळीसच्या वर, फळी वाजवली तर टणटण आवाज. मला वाटलं, झालं वाळून. गावातले म्हातारे वाढई (सुतार) बाबा थप्पी पाहून म्हणाले, "कायले घाई करता भाऊ? लाकडाले एक पावसाळा तरी खाऊ द्या." मी ऐकलं नाही. भाचीच्या लग्नाला पाहुणे येणार होते, दिवाण पाहिजेच होता. चौकटी केल्या, फळ्या आत फेविकॉलने घट्ट बसवल्या, वरून चारही बाजूंनी खिळे. मे महिन्यात कडकडीत वाळलेली फळी जुलैत हवेतली ओल पिऊन फुगली. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. फळीला सरकायला जागा नव्हती, म्हणून तिने चौकटीचाच सांधा उघडला. डोक्याकडच्या कोपऱ्यात आज करंगळीचं नख जाईल एवढी फट आहे. खणाचं वर सांगितलंच.

टेबलाच्या वेळी वाढई बाबांना घरी बोलावलं. एक अख्खा पावसाळा खाऊन झालेल्या फळ्या डिसेंबरात जोडल्या. वरचा तीस इंची पाट चौकटीला ठोकला नाही. चौकटीला आतून खाच पाडली, खाचेत लाकडी गुटके अडकवले आणि ते फक्त पाटाला स्क्रूने धरले. पाट आत-बाहेर सरकतो, निघत नाही.

कडुनिंबाला रंदा मारणं मात्र छळ आहे. रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. वीतभर जागा लोण्यासारखी निघते आणि बोटभर पुढे तोच रंदा रेषा उपटून काढतो. बाबांनी फुटलेल्या तावदानाचा तुकडा घेतला, दोन्ही अंगठ्यांनी थोडा तिरपा धरून ओढला. बारीक कुरळी साल निघाली, खाली गुळगुळीत, तांबूस, चमकदार. पंधराशेचं सँडर मशीन आणलं होतं, ते कोपऱ्यातच राहिलं.

तेलाचीही एक फजिती. घरात सरकीचं तेल होतं, एका स्टुलाला ते चोपडलं. ते धड वाळतच नाही, चार महिने स्टूल चिकट, त्यावर गावची सगळी धूळ. टेबलाला घाणीवरचं जवसाचं तेल लावलं. पातळ हात, चार-पाच दिवसांनी दुसरा, असे पाच. चहाच्या कपाचे गोल उमटतात, पण त्यावर पुन्हा तेल फिरवलं की जातात. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आमच्या उन्हाळ्यात तर बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

कडुनिंबाला कीड लागत नाही असं सगळे सांगतात. गाभ्याच्या तांबड्या लाकडाला नाही लागली, हे खरं. पण दिवाणाच्या मागच्या पायात कडेचं पांढरं लाकूड राहिलं होतं, तिथे भुंगा लागला. रोज सकाळी फरशीवर मैद्यासारखी पांढरी चिमूटभर रास. टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात कालवून तीनदा पाजली, तेव्हा थांबली.

बाकाबद्दल तक्रार नाही. दोघांशिवाय उचलत नाही, म्हणून कोणी हलवतही नाही. दुपारी वडील तिथेच लवंडतात.

खर्च धरला तर साधारण पस्तीस हजार गेले, मशीन धरून. तेवढ्यात तालुक्याच्या दुकानातून प्लायचा दिवाण आणि टेबल येऊन वर पैसे उरले असते. एकाच झाडासाठी मशीन घेऊ नका, परवानाधारक आरा मशीनवर चिरून आणा. पाहुणे विचारतात, सागवान का नाही? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना 2023 साली बल्लारशहा-आलापल्लीचं सागवान गेलं, तशा तोडीचं लाकूड आमच्या खिशाला कुठलं! पडलं होतं ते वापरलं.

टेबलाखाली वाकून पाहिलं तर चौकटीवर पेन्सिलच्या दोन रेघा दिसतील. पाटाची कड कुठवर येते त्याच्या खुणा, एकीवर 'अक्षय तृतीया' लिहिलंय, दुसरीवर 'पोळा'. मध्ये पाव इंचाहून जास्त अंतर आहे. काल पाहिलं तर कड पोळ्याच्या रेघेपासून हळूहळू आत चालली होती.