टपावर तंबू की आत फळ्यांचा पलंग? नागपूर–ओरछा–खजुराहो फेरीसाठी

नागपूर, भोपाळ, सांची, चंदेरी, ओरछा, खजुराहो, जबलपूर आणि परत नागपूर. नऊ रात्री, दोघं जण, हॉटेल शक्यतो नाही. एवढं ठरलं असेल तर उरतो एकच प्रश्न: रात्री पाठ टेकायची कुठे? वाटा तीन आहेत. भाड्याची कॅम्पर व्हॅन, स्वतःच्या गाडीच्या टपावर उघडणारा तंबू, किंवा मागच्या सीट पाडून आत टाकलेला फळ्यांचा पलंग. टपावरचा तंबू म्हणजे टपाच्या आडव्या पट्ट्यांवर बसवलेला घडीचा तंबू: तळाला पाटा, त्यावर गादी आणि चढायला शिडी.

कॅम्पर व्हॅनचं आधी उरकून टाकू. आपल्याकडे ती बहुतेक वेळा ड्रायव्हरसकट मिळते, म्हणजे नवराबायकोच्या सहलीत तिसरा माणूस आला. तो झोपणार कुठे, जेवणार कुठे, हे रोज संध्याकाळी ठरवायचं. एसी रात्रभर हवा असेल तर हिशेब असा: १००० वॅटचा एसी आठ तास म्हणजे ८ युनिट. १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट मावतं. म्हणजे एसी चालायला १६ अँपिअरचा प्लग तरी हवा, नाहीतर जनरेटर, आणि मुक्कामाच्या हॉटेलच्या आवारात जनरेटर धडधडू लागला की शेजारचे पाहुणे काय म्हणतील ते सांगायला नको. शिवाय या फेरीत राज्याची सीमा सारखी ओलांडावी लागते. चंदेरीहून ओरछ्याला जाताना ललितपूर आणि झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा पुन्हा मध्य प्रदेशात, तिथून खजुराहोला जाताना वाटेत मऊरानीपूर परत उत्तर प्रदेशात. गाडीला अखिल भारतीय टुरिस्ट परमिट आहे का, हे कागद हातात घेऊन बघा, तोंडी हो-नाही वर जाऊ नका. सोबत वयस्कर आईबाबा असतील, उभं राहायला आणि शौचालयाला जागा हवीच असेल, तर मात्र व्हॅनला तोड नाही. दोघांसाठी ती मोठी पडते.

खरी लढत उरलेल्या दोघांत आहे.

तंबूचे गुण मोठे आहेत, ते मान्य करायला हवेत. गाडीचं पोट सामानाला मोकळं राहतं. झोपायला साडेचार फूट रुंदी मिळते, चारी बाजूंनी जाळी, ताठ बसता येतं. फेब्रुवारीच्या शेवटी, मार्चच्या सुरुवातीला, रात्री गरम व्हायला लागलं की तंबूतली हवा गाडीत कधीच मिळत नाही. उघडायला सवयीच्या हाताला दहा मिनिटं पुरतात.

बसवताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, वजन. तंबू साधारण ५० ते ६५ किलोचा, त्यात आडव्या पट्ट्यांचं वजन वेगळं. गाडीच्या पुस्तिकेत टपाचा भार दिलेला असतो, तो चालत्या गाडीचा असतो. उभ्या गाडीवर दोन माणसं झोपली तर टप तो भार पेलतो, पण खड्ड्यात आदळणारी गाडी ही वेगळी गोष्ट. पुस्तिकेत ५० किलो लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला. दुसरी, बोल्ट. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावे लागतात, कारण क्लँपखालचं रबर दबतं आणि पकड सैल होते. नागपूरहून निघालात तर मुलताईला तापीच्या कुंडाजवळ थांबालच, पाना तिथेच काढा. तिसरी, उंची. गाडी आणि मिटलेला तंबू मिळून सव्वादोन मीटरच्या घरात जातात. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी लोंबणारा लोखंडी दांडा नेमका त्याच उंचीवर असतो. घरच्या सोसायटीचा आधी मोजा, मग पैसे भरा.

हे सगळं सांभाळता येतं. सांभाळता येत नाही ते दव.

ही फेरी आपण काढतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण मे महिन्यात बुंदेलखंडात जाण्याची हौस कुणाला नसते. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं. उघड्यावरचं कापड रात्री आपली उष्णता वर फेकून देतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. ओरछ्याला तर बेतवा नदी शेजारीच, हवेत ओल आहेच. पहाटे पाचला तंबूच्या वरच्या कापडाला बोट लावलं तर धार लागते. आतून दोघांच्या श्वासाची वाफ अॅल्युमिनियमच्या दांड्यांवर बसून थेंबथेंब गादीच्या कडेला उतरते. बाहेरून ओलं, आतून ओलं, आणि खालची गादी पाट्याच्या बाजूने ओली, जी वरून कळतही नाही.

आता सकाळ. खजुराहोचा पश्चिम समूह सूर्योदयाला उघडतो, आणि देवळांवरचं कोवळं ऊन बघायचं असेल तर तिथे त्याच वेळी हजर हवं. गाडी हलवायची तर तंबू मिटायला हवा. ओला मिटला तर संध्याकाळी उघडताना कुबट वास येतो आणि गादी दमट लागते. दोन दिवस ओला राहिला तर शिलाईच्या रेषेवर काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी, आणि एकदा धरली की कापड धुऊनही डाग जात नाही. वाळवून मिटायचा म्हटलं तर ऊन तापायची वाट बघायची, म्हणजे साडेनऊ. रोज दीड तास धरा. नऊ रात्रींचे साडेतेरा तास. हे म्हणजे चंदेरी आणि विदिशाजवळची उदयगिरीची लेणी दोन्ही निवांत बघण्याइतका वेळ कापडाकडे बघत घालवणं.

झाडाखाली उभी करा असं सांगतात. दव खरंच कमी पडतं, कारण वरचं पान आभाळाला आडवं येतं. पण झाडावर पक्षी असतात, आणि वानरं असतात. कापडी आवरणाची झिप वानराला दोन मिनिटांचं काम. शेडखाली घ्यावी तर शेडची उंची पुरत नाही. घरी परतल्यावरही तंबू पूर्ण उघडून दिवसभर वाळवावा लागतो, तेव्हा सोसायटीतली पोट्टी शिडीवर चढतात ते वेगळंच. कडक कवचाच्या तंबूत वरचं कापड नसल्याने त्रास निम्मा होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याच्या चारही बाजू कापडाच्याच, आणि किंमत चांगलीच चढी.

आतल्या पलंगातही वाफ धरते, बरं का. बंद काचेच्या गाडीत दोघं झोपले तर सकाळी काचा आतून वाहत असतात. फरक इतकाच की काच पुसता येते. हातातला रबरी वायपर आणि एक जुना पंचा, दोन मिनिटांत काम संपतं आणि गाडी निघते. रात्री समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली ठेवल्या, वर पावसाळी पट्टी असली आणि दारावर मोज्यासारखी चढणारी जाळी असली, तर पुसायलाही फारसं उरत नाही.

पलंगाची बांधणी सुताराला एका दुपारी जमते. तीन रांगांच्या कुटुंबाच्या गाडीसाठी १२ मिमीची पाणी सोसणारी एकच ८ बाय ४ फुटी प्लाय पुरते, नागपूरच्या लकडगंजात कापूनही देतात. ४२ बाय २४ इंचांचे तीन तुकडे काढा, म्हणजे ७२ इंच लांबी झाली. उरलेल्या तुकड्यातून आणि कडेच्या सहा इंची पट्टीतून खालचे आडवे पाय निघतात. कापण्याआधी दोन्ही चाकांच्या घुमटामधलं अंतर स्वतः मोजा, ते गाडीगणिक बदलतं. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवून मग लांबी मोजा. तुकडे बिजागरीने जोडले तर घडी होते, पण बिजागरी वरून लावा, खालून लावली तर घडी उलटी पडते.

पाय गाडीच्या पक्क्या तळावर टेकले पाहिजेत. पाडलेल्या सीटच्या पाठीवर टेकवले तर तिथली प्लॅस्टिकची कडा महिन्याभरात फुटते. प्लाय आणि पाय यांच्यामध्ये जुन्या सतरंजीची पट्टी ठोका, नाहीतर बेतूलच्या घाटात कुईकुई ऐकत जावं लागेल. आणि फळ्या पट्ट्याने बांधाच. सगळं मिळून वीस किलोच्या आसपास भरतं, जोराचा ब्रेक लागला की तेवढं वजन तुमच्या पाठीवर येतं. लहान मुलांच्या सीटसाठी जे लोखंडी कडे दिलेले असतात, त्यातून पट्टा ओवला की फळी हलत नाही. सीट मात्र काढू नका, गाडीच्या पत्र्याला भोकं पाडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत नसलेल्या बदलांना आडवं येतं. नुसता ठेवलेला, उचलून काढता येणारा पलंग म्हणजे सामानच.

त्यावर दोन इंची, ४० घनतेचा फोम. एक इंची घेतलात तर तिसऱ्या रात्री कंबर बोलते.

याचे दोष लपवत नाही. ताठ बसता येत नाही. पलंग जितका खाली ठेवाल तितकं बरं, पण खाली भाजीचे क्रेट सरकवायचे म्हणून आठ इंच उंची द्यावीच लागते, आणि मग कपडे बदलणं म्हणजे आडवं पडून केलेली कसरत. सामान रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर, रोज सकाळी परत मागे. दोघांपैकी एक जण सहा फुटी असेल तर तिरपं झोपावं लागतं आणि दुसऱ्याला कोपर खावं लागतं. मार्चनंतर हा पलंग विसरा.

दाराची एक गोष्ट आधी तपासा. पुष्कळ गाड्यांचं मागचं दार आतून उघडत नाही. बाहेर पडायचं ते मधल्या दाराने, आणि त्याला चाइल्ड लॉक लागलेलं असेल तर आतून तेही उघडणार नाही. निघण्याआधी दोन्ही बाजूंचं चाइल्ड लॉक बंद करा. झोपताना गाडी रिमोटने नाही, आतल्या बटणाने लॉक करा. रिमोटने केली तर रात्री दोनला दार उघडताच सगळ्या आवाराला जाग येते.

आत शेगडी पेटवायची नाही, चहालाही नाही. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. चहा बाहेर करा. ब्युटेन गॅसच्या छोट्या डब्याची ज्योत पहाटेच्या थंडीत मंद होते, म्हणून डबा रात्री पांघरुणाजवळ ठेवा, पेटवायच्या वेळी तो कोमट असला की पुरतं.

आता मार्ग, कारण निवड त्यावरही ठरते. या फेरीत मोठ्या स्मारकांइतकीच मजा रस्त्याकडेच्या गोष्टींत आहे. भीमबेटका नर्मदापुरम–भोपाळ रस्त्यालगत. विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये तिथली चित्रं उजेडात आणली, २००३ पासून जागतिक वारसा आहे. जवळच भोजपूरचं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर. भोपाळहून सांचीला जाताना दिवाणगंजच्या पुढे रस्त्यावरच कर्कवृत्ताची खूण आहे, लोक दोन पाय दोन बाजूंना ठेवून फोटो काढतात. विदिशाला हेलिओडोरसचा स्तंभ, गावकऱ्यांचा खांब बाबा. उदयगिरीच्या पाचव्या लेण्यातला वराह. ओरछ्यानंतर बरुआसागरजवळ हमरस्त्यालगत जराई का मठ हे जुनं देऊळ, आणि छतरपूरच्या अलीकडे मऊसहानियाला धुबेला संग्रहालय. छत्रसालाचं ठिकाण, मराठी माणसाने गाडी न थांबवता पुढे जाऊच नये.

असे सात-आठ थांबे दिवसात येतात, प्रत्येकी पंधरा मिनिटांपासून दीड तासापर्यंत. सकाळचा दीड तास गेला की शेवटचे दोन थांबे हमखास वगळले जातात. चंदेरीत तर विणकरांच्या गल्लीत शिरताना टपावर काहीच नसलेलं बरं, वर विजेच्या तारा फार खाली आहेत.

रात्री उभं राहायला मध्य प्रदेश पर्यटनाची हॉटेलं सोयीची: सांचीला गेटवे रिट्रीट, चंदेरीला ताना बाना, ओरछ्याला बेतवा रिट्रीट. आवारात गाडी लावून झोपू द्याल का, हे फोनवर आधी विचारा. रात्रीचं जेवण तिथेच घेणार म्हटलं तर बोलणं सोपं जातं. इथेही आतल्या पलंगाला थोडा फायदा आहे: पडदे ओढले की ती नुसती उभी गाडी. तंबू उघडला की चौकीदारापासून मॅनेजरपर्यंत सगळे बघायला येतात. भीमबेटका रातापानी व्याघ्र प्रकल्पात येतं आणि खवासा–सिवनीचा पट्टा पेंचचा. या दोन्हीकडे रात्री थांबायचा विचारही नको.

एवढं वाचूनही मन तंबूकडेच ओढत असेल, तर विकत घेण्याआधी दोन रात्रींसाठी भाड्याने आणा आणि रामटेकजवळ खिंडसीच्या तलावाकडे जा. नागपूरहून तासाभराचा रस्ता. पण मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा तंबू सगळ्यांनाच आवडतो. डिसेंबरात जा, पहाटे पाचला उठा, वरच्या कापडावरून हात फिरवा, आणि तसाच ओल्या हाताने तो मिटून दाखवा.