मराठी विकिपीडिया: कोल्हापूरच्या पानांवर लिहिताना

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. मी तिथं आपल्या कोल्हापूरबद्दल लिहितो. सोय एकदम भारी. प्रत्येक बदल ‘इतिहास’मध्ये राहतो, बिघडलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. म्हणून कुणाचा अख्खा परिच्छेद न विचारता उडवायचा का? शाहू महाराजांच्या १९०२ च्या पन्नास टक्के आरक्षणाच्या जाहीरनाम्याला संदर्भ दिसला नाही, तर तो शोधून जोडा, वाक्य खोडू नका. (व्हॉट्सॲपवरचा मजकूर संदर्भ म्हणून चालत नाही.) पटत नसेल तर त्या लेखाच्या चर्चा पानावर लिहा, खाली चार टिल्डे (~~~~) टाकून सही करा. बदलाचा सारांश, म्हणजे काय बदललं ते लिहायची छोटी चौकट, रिकामा ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. दोन शब्दांत पुढच्याचा किती वेळ वाचतो! नवख्यांसाठी धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान आहे, तिथं बिनधास्त हात बसवा.